पेटीची उंची

विधानसभेचं मतदान होतं, २० नोव्हेंबर २०२४. आमचं केंद्र नेहमीप्रमाणे दोन गल्ल्या पलीकडच्या प्राथमिक शाळेत. रांग व्हरांड्याला वळसा घालून पार मागच्या नळांपर्यंत गेलेली, आणि मोबाइल आत नेता येत नाही म्हणून घरीच ठेवून आलेले. हाताला काम नसलं की डोळे भिंतींवर फिरायला लागतात. शाळा रिकामी असली तरी शाळेचा वास जात नाही. खडू, फिनेल, ओल धरलेली सतरंजी, आणि कोपऱ्यातल्या कुलूपबंद खोलीतून येणारा हळद-तांदळाचा वास. तिथे पोषण आहाराची पोती असणार. भिंतीवर ससा-कासव, बेचा पाढा, एका आंब्याला कोणी पेनाने मिशा काढलेल्या. बाकं इतकी बुटकी की रांगेतल्या एका आजोबांना टेकायला दिलेल्या बाकावर त्यांचे गुडघे छातीला लागत होते. हात धुवायचे नळ माझ्या मांडीच्या उंचीवर. पाण्याच्या टाकीपाशी पायरी बांधलेली. सगळं कसं सहा वर्षांच्या माणसाच्या मापाने केलेलं. फक्त एक वस्तू माझ्या हनुवटीशी येत होती. लाल ऑइलपेंट मारलेली पत्र्याची पेटी, वर पांढऱ्या अक्षरांत ‘तक्रार पेटी’, आणि पितळेचं नवंकोरं कुलूप. मी काही बुटकी नाही.

पहिलीतल्या पोराला त्या पेटीत चिठ्ठी टाकायची असेल, तर आधी त्याला कोणीतरी उचलून घ्यायला हवं.

मतदान करून, बोटाला शाई लावून घरी आले, स्वयंपाक केला, तरी ती पेटी डोक्यातून जाईना. ज्याने ती ठोकली त्याला दोष द्यायचा म्हटलं तर त्याचंही बरोबरच होतं. खाली लावली तर पोरं खेळतील, काड्या घालतील, कुलूप तोडतील. त्याने आपल्या खांद्याचं माप घेतलं आणि खिळा ठोकला. वरून आदेश आला होता, पेटी लावा. पेटी लागली. फोटोही गेला असणार. पेटीचा रंग ताजा होता, आणि तो तेव्हा ताजा का होता हे आमच्या बाजूच्या कोणालाही सांगायची गरज नव्हती. तीनच महिने झाले होते.

आम्ही कल्याणचे. कर्जतच्या बाजूला जाणाऱ्या गाड्या आमच्यावरूनच जातात. बदलापूरच्या एका शाळेत लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचं बाहेर आलं, तेव्हा २० ऑगस्टला तिथे लोक रुळांवर उतरले आणि दिवसभर हलले नाहीत. तेव्हा माझी ऑफिसातली मैत्रीण, राहणारी बदलापूरची, संध्याकाळी आमच्याकडेच थांबली. डब्यात येताना दोन्ही प्रकारची बोलणी ऐकली होती. एक बाई म्हणत होती, माझं बाळ पाळणाघरात आहे, यांनी गाड्या कसल्या अडवल्यात. तीच बाई पुढच्या स्टेशनला म्हणाली, अडवायलाच पाहिजेत, नाहीतर कोण ऐकतंय. दोन्ही वेळा ती मनापासूनच बोलत होती. मैत्रीण घरी येऊन चहाचा कप धरून बसली, चहावर साय आली तरी तशीच. मग तिने मुलीला फोन लावला. मुलगी कॉलेजात शिकणारी. ‘जेवलीस का, दार लावून घेतलंस का’ झाल्यावर ती जरा थांबली आणि एकदम म्हणाली, ‘काय गं, तुला कधी शाळेत असं कोणी...’ पलीकडून काही क्षण आवाज नाही. मग इतकंच आलं, ‘आई, हे आत्ता विचारतेस?’ त्या उत्तराचा अर्थ काय लावायचा हे तिला कळलं नाही. मला अजून कळलेलं नाही.

त्या प्रकरणातली एक गोष्ट मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त बोचते. मुलींनी सांगितलं होतं. चार-पाच वर्षांच्या बालवर्गातल्या मुली, त्यांना शब्द कुठले ठाऊक असणार, पण दुखतंय हे त्यांनी घरी सांगितलं. घरच्यांनी ऐकलं, डॉक्टरकडे नेलं. म्हणजे ज्यांच्याकडून आपण सगळ्यात कमी अपेक्षा धरतो त्यांनी आपलं काम चोख केलं. अडलं ते त्याच्या पुढे, मोठ्या माणसांपाशी. गुन्हा नोंदवायला बारा तासांच्या आसपास गेले, पालक पोलीस ठाण्यात ताटकळत बसले. वास्तविक मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पॉक्सो कायदा काय म्हणतो, तर पोलिसांनी मुलाच्या घरी जावं, शक्यतो बाई अधिकाऱ्याने जबाब घ्यावा आणि अंगावर गणवेश नसावा. २०१२ च्या बालदिनापासून हा कायदा लागू आहे. शाळेच्या पदाधिकाऱ्यांवरही त्याच कायद्याखाली गुन्हा दाखल झाला, तो कळूनसुद्धा कळवलं नाही म्हणून. पुढे उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, सरकारने कॅमेरे, तक्रारपेट्या, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी यांचा आदेश काढला, आरोपी २३ सप्टेंबरला पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला आणि त्या दिवशी आमच्या भागात पेढे वाटले गेले. मी पेढा घेतला नाही. घेणाऱ्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही. पण आरोपीवर खटलाच न झाल्यामुळे कोणाला काय केव्हा कळलं होतं, हे भर कोर्टात उलगडून ऐकायची एक संधी गेली, असं मला तेव्हाही वाटलं.

कळलेलं असणं आणि बोललेलं असणं यांच्यामधली ती जागा मला ओळखीची आहे.

आमची शाळा तालुक्याच्या गावची, कौलारू, चौथीपर्यंतची. नकाशे, पृथ्वीचा गोल, मोठा कंपास असलं सामान ऑफिसच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत असायचं आणि तिथे एक कारकून टेबल टाकून बसायचा. तिसरीत गेल्यावर चौथीच्या मुलींनी आम्हाला सांगितलं, नकाशा आणायला एकटीने जायचं नाही. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. त्यांना त्यांच्या आधीच्या मुलींनी सांगितलेलं असणार. आम्ही चौथीत गेलो तेव्हा आम्ही तिसरीला सांगितलं. लपाछपीचे नियम सांगावेत तसं. सागरगोट्या खेळताना, अगदी सहज. सगळ्या मुलींना ते ठाऊक होतं, आणि बाईंना? बाई वर्गात म्हणायच्या, ‘जा गं, महाराष्ट्राचा नकाशा आण,’ आणि दोघी उठल्या की म्हणायच्या, ‘एका नकाशाला दोघी कशाला?’ तरी दोघीच जायच्या. वर्षानुवर्षं एका नकाशाला दोघी जात असताना बाईंच्या मनात काही आलंच नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

शिपाईमावशीला मात्र नक्की ठाऊक होतं. मावशी म्हणजे नऊवारी नेसणारी, तंबाखूची मशेरी लावणारी, घंटेचा टोला द्यायची आणि उरलेला वेळ मुलींच्या मुतारीच्या पायरीवर तांदूळ निवडत बसायची. ते तांदूळ तिच्या घरचे होते, की शाळेतल्या कोणा बाईंचे, देव जाणे. कोणाच्या फ्रॉकचं बटण तुटलंय, कोणाला ताप आहे, कोणाची आई माहेरी निघून गेलीय, कोण दुपारची घरी जायला घाबरते, सगळं तिच्याकडे. वर्गातून ‘नकाशा’ हा शब्द ऐकू आला की सूप बाजूला ठेवून ती उठायची. ‘बसा गं पोरींनो, मी आनते.’ गुडघे धरत, कण्हत जायची, नकाशाची गुंडाळी बगलेत घेऊन यायची. तिने असं किती पोरींना वाचवलं याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही. आणि तिने कधी कोणाला सांगितलंही नाही. कोणाला सांगणार? तिची नोकरी कारकुनाच्या हातातल्या मस्टरवर चाललेली. तो कारकून यथावकाश निवृत्त झाला. शाल, श्रीफळ, हार. निरोप समारंभात आम्ही मुलींनी बाजाच्या पेटीवर स्वागतगीत म्हटलं. मावशी मागे भिंतीला टेकून उभी होती आणि चहाच्या कपबश्या मोजत होती.

आजचा कायदा तेव्हा असता तर कलम १९ प्रमाणे कळवायची जबाबदारी मावशीवरही आली असती आणि न कळवल्याची शिक्षाही. या विचाराने मी अस्वस्थ होते. ती गप्प बसली म्हणून कारकून सुखाने घरी गेला हेही खरं आणि ती उठली म्हणून आम्ही नीट राहिलो हेही खरं. २००७ मध्ये केंद्र सरकारने तेरा राज्यांत एक पाहणी करवली होती. निम्म्याहून जास्त, ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं आणि त्यांत मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. आमच्या वर्गातल्या मुलग्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. नकाशा आणायला ते एकेकटे धावत जायचे.

माझा मावसभाऊ मुरबाड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी आहे. द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, पट जेमतेम. त्याला पेटीची गोष्ट सांगितली तर हसत सुटला. ‘ताई, आमच्याकडे पेटी आहे, मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती आहे, शाळा व्यवस्थापन समिती आहे, माता-पालक संघ आहे, आहाराची चव नोंदवही आहे. माणसं तीच. आज सखी सावित्री म्हणून बसवतो, फोटो काढतो, मग साड्या त्याच, फक्त फलक बदलतो.’ केंद्रप्रमुखांचा ग्रुपवर मेसेज येतो, बैठकीचे फोटो आज पाच वाजेपर्यंत. डोंगरावर चढून रेंज पकडायची आणि पाठवायचे. यावर तो चिडत नाही. त्याची खरी बोच वेगळीच निघाली. ‘पूर्वी पोर पडलं की उचलायचो. गुडघा पुसायचा, नाक पुसायचं, चेन अडकली तर काढून द्यायची. पहिलीचं पोर आईसाठी रडायला लागलं की मांडीवर घ्यायचो, दोन मिनिटांत झोपायचं. आता हात पुढे होतो आणि मधेच थांबतो. चौथीतल्या मुलीला हाक मारतो, ताई, जरा हिला बघ गं. ती बघते बिचारी. पण ती पण दहा वर्षांचीच ना.’ मी म्हटलं, तुझ्यावर कोण संशय घेणार? म्हणाला, ‘संशय घेतलाच पाहिजे, ताई. माझी मुलगी शाळेत असती तर मीही घेतला असता. तेच तर अवघड आहे.’

त्याने पेटी मात्र खाली लावली आहे, खिडकीच्या कट्ट्याखाली, पोरांच्या कमरेशी. दर शनिवारी सगळ्यांसमोर उघडतो, पण चिठ्ठ्या एकटा वाचतो. काय निघतं त्यात? चिंचोके. गोळीचे कागद. ‘रोहित माझ्या पेनसीलचं टोक मोडतो.’ ‘खिचडीत वाटाने नको.’ ‘गुरुजी तुमी मोट्या आवाजात बोलू नका.’ ही शेवटची चिठ्ठी त्याने पाकिटात ठेवली आहे. आणि मधे काही आठवडे एक घडी घातलेला कागद यायचा, वहीचा चौकटीचा कागद, बारीक चार घड्या, आत काहीच नाही. पहिल्यांदा त्याला वाटलं पोरं टवाळी करतात. परत आला तेव्हा चौकटीची वही कोणाची ते त्याने बघितलं. पहिलीतली एक मुलगी. तिला लिहायला येत नव्हतं. बाकीचे टाकतात तशी तीही टाकत होती, किंवा काहीतरी सांगायचं होतं आणि कागद तेवढा पोचवत होती. त्याने तिला थेट विचारलं नाही. मधल्या सुट्टीत तो स्वतः भांडी घासायला बसतो तिथे तिला शेजारी बसवून घेतलं, सोबत चौथीच्या दोन मुली होत्या. चार-पाच दिवस नुसती घासाघीस. मग ती बोलली. संडासाची कडी आतून लावली की निघत नाही. एकदा ती आत अडकली होती, बरीच ओरडली, बाहेर कवायत चालली होती, कोणाला ऐकू गेलं नाही. तेव्हापासून ती सकाळी घरून निघाली की संध्याकाळपर्यंत जात नव्हती. जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नव्हती. उन्हाळा चालू होता.

त्याने कडी काढून टाकली आणि दोरीचा फास बसवला. दार धरून उभं राहायला एक मैत्रीण. एवढंच. या कडीबद्दल कुठल्याही शासन निर्णयात काही नाही, कुठल्याही रकान्यात ती भरता येत नाही. मला त्याचं कौतुक वाटलं, पण त्याला ते ऐकायचं नव्हतं. तो म्हणाला, दर महिन्याला मी ‘स्वच्छतागृह सुस्थितीत’ असं भरून पाठवत होतो आणि खोटं काहीच नव्हतं त्यात. दार होतं, कडी होती, पाणी होतं.

तिथून बोलणं गंडामनवर गेलं. बिहारमधलं सारण जिल्ह्यातलं ते गाव. १६ जुलै २०१३ ला शाळेतलं जेवण जेवून तेवीस मुलं गेली, तेलात कीटकनाशक होतं. आपल्याकडच्या सगळ्या गुरुजींना तो दिवस पाठ आहे, कारण त्यानंतर चव घ्यायची सक्ती कडक झाली. पण चव तर तिथेही घेतली गेली होती. मुलांनीच घेतली होती. भाजी नेहमीसारखी लागत नाही, असं त्यांनी म्हटल्याचं तेव्हा बातम्यांत आलं होतं. आणि राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदीला २५ जुलै २०२५ ला सकाळी शाळेचं छत पडून सात मुलं मेली. वाचलेली मुलं सांगत होती, वरून खडे पडतायत असं आम्ही बाईं-गुरुजींना बोललो होतो. बसा गप, असं उत्तर मिळालं. भाऊ म्हणाला, ‘ताई, दिवसातून चाळीसदा पोरं येतात सांगत. याने चिमटा काढला, त्याने जीभ दाखवली, वर पाल आहे. चाळीसांतलं एकोणचाळिसावं खड्यांचं असतं. बसा गप हे तोंडातून आपोआप येतं.’ तो हे बचाव म्हणून सांगत नव्हता. दोन शिक्षक, चार वर्ग, एक जण तहसीलला कसल्यातरी कामाला गेलेला. ऐकायला माणूस लागतो, आणि तो कान मोकळा असलेला लागतो.

मावशी तशी होती. तिला काही शिकवायचं नव्हतं, काही भरून पाठवायचं नव्हतं, ती नुसती तिथे होती, वीस-बावीस वर्षं एकाच पायरीवर. आता ती पायरी ठेक्यावर गेली. शहरातल्या शाळांत सफाईची माणसं एजन्सीकडून येतात, दर काही महिन्यांनी चेहरे बदलतात, पोरांना नावंही ठाऊक नसतात. सगळ्यांना मिळून एकच हाक, दादा किंवा मावशी. बदलापूरचा आरोपीही कंत्राटी सफाई कामगारच होता, ऑगस्टच्या पहिल्याच दिवशी लागलेला. यावरून गरीब माणसांकडे बोट दाखवायचा माझा बिलकुल हेतू नाही, आमचा कारकून कायम नोकरीतला, पेन्शनवाला आणि गावात मानाचा होता. मला म्हणायचंय ते एवढंच की ज्या जागी शाळेतलं सगळ्यात जुनं, सगळ्यात ओळखीचं माणूस बसायला हवं, तिथे आपण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात नवं बसवतो, आणि वाचलेल्या पैशांत छताला कॅमेरा लावतो. कॅमेरा हवाच, नको कोण म्हणतंय. पण बदलापुरातसुद्धा कॅमेऱ्याचं चित्रण नेमकं हवं होतं तेव्हा मिळालं नाही.

परवा शेजारची सून आली. लेक अडीच वर्षांची, नर्सरीचं बघायचंय. तीन शाळांची रंगीत पत्रकं टेबलावर पसरली. एकीत म्हणे वर्गातलं सगळं मोबाइलवर दिसतं, आईने ऑफिसात बसून बघावं. ‘काकू, हीच घ्यावी ना? निदान दिसत तरी राहील.’ मी म्हटलं, घे, पण जाशील तेव्हा एक विचार. मुलींच्या बाथरूमपाशी कोण असतं आणि तिचं नाव काय, किती वर्षं आहे. ती हसली, पण विचारून आली. काउंटरवरच्या मुलीने आधी एका मॅडमला फोन केला, मॅडमनी ॲडमिनला, ॲडमिनने एजन्सीच्या सुपरवायझरला. पंधरा मिनिटांनी नाव कळलं, नुसतं पहिलं नाव. किती दिवस आहे ते सोमवारी सांगतो म्हणाले.

सोमवारी काही फोन आला नाही. तिने प्रवेश तिथेच घेतला. घराजवळ आहे, व्हॅनची भानगड नाही, आणि बाकीच्या दोन शाळांत तर तिच्या प्रश्नावर ‘मावशी असतात ना’ एवढंच उत्तर मिळालं होतं. आता ती रोज लेकीला सोडायला जाते तेव्हा दोन मिनिटं आत थांबते. त्या बाईचं आडनाव तिने शोधून काढलंय, गाव जव्हारकडचं. दिवाळीला तिच्यासाठी साडी घ्यावी का, असं मला विचारत होती. मी म्हटलं घे. मग एकीनेच दिलेली कशी दिसेल, बाकीच्या आया काय म्हणतील, यावर आम्ही बराच वेळ बोलत बसलो. तोवर एजन्सीने तिला दुसरीकडे पाठवलं नाही म्हणजे मिळवली.